तंजावर ते तिरुवय्यारु : तेरा किलोमीटरांची स्वरयात्रा

तमिळनाडूतील तंजावर शहरापासून कावेरीकाठच्या तिरुवय्यारु गावापर्यंतचे अंतर अवघे तेरा किलोमीटर आहे. मोटारीने अर्धा-पाऊण तास पुरतो. परंतु वाचकहो, आपणांस संगीताची थोडीदेखील आवड असेल, तर ह्या छोट्याशा वाटेसाठी दोन पुरे दिवस राखून ठेवावेत. नऊशेहून अधिक वर्षांच्या काळात ह्या वाटेवर तमिळ देऊळ, संस्कृत शास्त्र, तेलुगू गीत, मराठी दरबार आणि पश्चिमेकडून आलेले व्हायोलिन ह्या सर्वांनी एकमेकांचा हात धरला. आणि ह्याच वाटेवर, ज्यांनी गाणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांनाच एके काळी गाण्याची मनाई झाली. हे कसे घडले आणि ती मनाई कोणी मोडली, हे जाणून घेत आपण ही वाट चालू या.

प्रारंभ अर्थातच बृहदीश्वराच्या देवळापासून करावयाचा. राजराज चोळ ह्याने बांधविलेले हे देवालय १०१० साली पूर्ण झाले. साठ मीटरांहून अधिक उंचीचे त्याचे विमान, म्हणजे गर्भगृहावरील शिखर, दुरूनच आपली नजर खेचून घेते. १९८७ साली युनेस्कोने ह्या देवळाचा जागतिक वारशात समावेश केला. शिखर पाहून मान दुखू लागली, की थोडे खाली पाहावे. देवळाच्या भिंतींवर सर्वत्र तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एका लेखात देवळाच्या सेवेसाठी आणविलेल्या चारशे नर्तिकांची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली आणि येथे तिला कोणत्या रांगेतील कितवे घर दिले, असा सारा तपशील दगडात नोंदला आहे. तिरुवारूर, नागपट्टणम आणि आपण ज्या गावी निघालो आहोत ते तिरुवय्यारु, अशा गावांची नावे त्यात वाचावयास मिळतात. नृत्याचे गुरू, गायक आणि वादक ह्यांच्याही नोंदी ह्याच देवळात आहेत.

चोळांचे राज्य गेले. ती घरे आणि त्या रांगाही गेल्या. परंतु एका बलाढ्य राजाला आपल्या देवळातील नर्तिकांची नावे दगडावर कोरून ठेवावीशी वाटली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची आपणांस आठवण होणार आहे. विमानाच्या वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गात नृत्यमुद्रांची शिल्पे आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात एकशे आठ करणे सांगितली आहेत. त्यांपैकी एक्याऐंशी येथे कोरली गेली आणि उरलेल्या सत्तावीस जागा कोऱ्याच राहिल्या.

चोळांनंतर काही शतकांनी तंजावरास तेलुगू भाषक नायक राजांची सत्ता आली. ह्या काळातील रघुनाथ नायक हा स्वतः कवी आणि वीणावादक होता. आज आपण जिला तंजावरची वीणा म्हणून ओळखतो, तिला सध्याचे रूप त्याच्या आणि त्याचे मंत्री गोविंद दीक्षित ह्यांच्या काळात मिळाले, असे मानतात. फणसाच्या लाकडाचे खोड कोरून ही वीणा घडवितात. सबंध वीणा एकाच लाकडातून काढली, तर तिची थोरवी अधिक. दांडीवर मेणाच्या लगदीत चोवीस पितळी पडदे बसविलेले असतात. एका सप्तकाचे बारा, म्हणून दोन सप्तकांचे चोवीस. पूर्वीच्या काही वीणांवर राग बदलला की पडदेही सरकवावे लागत. चोवीस पडदे पक्के झाले आणि कोणताही राग त्याच वीणेवर वाजविता येऊ लागला. २०१३ साली तंजावरच्या वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले.

वाद्य सुधारले, की शास्त्रही पुढे सरकते. गोविंद दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी ह्यांनी सतराव्या शतकात ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात बहात्तर मेळांची योजना मांडली. तिचा हिशेब सोपा आहे. घरातील शाळकरी मुलांनाही तो घालून पाहता येईल. षड्ज आणि पंचम हे स्वर अढळ. सप्तकाच्या पूर्वार्धात ऋषभ आणि गांधार ह्यांच्या सहा जोड्या होतात, उत्तरार्धात धैवत आणि निषाद ह्यांच्या सहा. सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस. मध्यम दोन प्रकारचा, म्हणून छत्तीसच्या दुप्पट बहात्तर. हा हिशेब पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. १९०४ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासास निघाले, तेव्हा एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांशी त्यांची भेट झाली. व्यंकटमखींच्या ग्रंथाचा त्यांनी अभ्यास केला आणि ह्या मेळपद्धतीचा आधार घेऊन हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. आज नागपूरचा किंवा इंदूरचा एखादा विद्यार्थी बिलावल थाट, कल्याण थाट असे पाठ करतो, तेव्हा त्याच्या वहीत कावेरीकाठचे थोडे पाणी झिरपलेले असते.

आता देवळापासून जवळच असलेल्या राजवाड्याकडे वळू या. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि सुमारे एकशे ऐंशी वर्षे भोसले घराणे येथे नांदले. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर त्यांच्या वंशाचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे. तो दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविला. घरापासून एवढ्या दूर, चोळांच्या देवळात, आपली भाषा दगडावर वाचताना कोणाही मराठी माणसाचे मन भरून येईल. परंतु ह्या राजांचे खरे मोठेपण त्या शिलालेखात नाही. आपली भाषा त्यांनी इतरांवर लादली नाही. ते स्वतः इतरांच्या भाषांत रमले.

व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे १६८४ साली गादीवर आले. त्यांनी मराठी नाटके लिहिली आणि ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ हे संगीतनाट्य तेलुगूत रचले. ते तिरुवारूरच्या त्यागराज ह्या शिवदैवतास वाहिलेले आहे. पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार उचलून मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ रचली. ह्या नाट्यप्रकारात भटकी भविष्यवेत्ती नायिकेचा हात पाहून तिचे भविष्य सांगते. सरफोजींची कोरवंजी मात्र जगाचा भूगोल सांगते! भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या मजसारख्यास तंजावरचे हे वैभव पाहून हेवाच वाटतो. येथे मराठी राजा तेलुगूत लिहितो, तमिळ माणसे ते रंगवितात, शास्त्राची चर्चा संस्कृतात चालते, आणि दुभाष्याची कोणास गरज भासत नाही.

हा सारा ठेवा राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात पाहावयास मिळतो. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजीराजांनी फार वाढविला, आणि १९१८ पासून तो सार्वजनिक झाला. ताडपत्रांवरील आणि कागदावरील संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते येथे हजारोंनी आहेत, आणि त्यांच्याजवळच मोडी कागदपत्रांची दप्तरेही आहेत.

ह्याच दरबारातील एका कवयित्रीची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास प्रतापसिंह राजे गादीवर असताना त्यांच्या दरबारी मुद्दुपळनी नावाची गणिका होती. नृत्य, गायन आणि काव्य ह्या तिन्ही कलांत ती निपुण होती. राधाकृष्णाच्या प्रेमावर तिने ‘राधिकासांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले. काव्याच्या आरंभी तिने आपल्या आईची आणि आजीची ओळख अभिमानाने करून दिली. राजदरबारात त्या काव्याचा गौरव झाला. परंतु एकोणिसाव्या शतकात ते छापले गेले, तेव्हा कवयित्रीच्या स्वतःविषयीच्या ओळी त्यातून गळाल्या. स्त्रीने, त्यातून गणिकेने, शृंगार लिहावा हे नव्या काळातील विद्वानांस रुचले नाही. दगडावर नावे कोरण्याचा काळ संपला आणि कागदावरून नावे पुसण्याचा काळ आला. मुद्दुपळनीला न्याय कोणी दिला, हे आपणांस तिरुवय्यारुस पोहोचल्यावर कळेल.

तत्पूर्वी व्हायोलिनची हकीगत ऐकावी. १७९९च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजांच्या हाती किल्ला आणि तनखा एवढेच उरले. राजाने आपले चित्त ग्रंथ, वैद्यक आणि संगीत ह्यांकडे वळविले. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्त्झ ह्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते, त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यांचे त्यांना वावडे नव्हते. त्यांच्या पदरी युरोपीय धर्तीचा बँड होता. तिकडे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातही कंपनीचा बँड वाजत असे. मुत्तुस्वामी दीक्षित आणि त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी ह्यांच्या कानी तो पडला. मुत्तुस्वामींनी त्या विलायती चालींवर संस्कृत स्तुतिगीते रचली; इंग्लंडच्या राजगीताची चालही त्यांतून सुटली नाही! बालुस्वामी मात्र प्रत्यक्ष व्हायोलिनच शिकले.

हे परके वाद्य दक्षिणेत एवढे रुजले, ह्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट तारेवरून हवे तसे घसरविता येते, आणि गज फिरत राहिला की स्वर तुटत नाही. गळ्यातून निघणारी गमके, स्वराचे हेलकावे, ह्या वाद्यातून हुबेहूब काढता येतात. दक्षिणी वादकांनी त्याची बैठकच बदलली. जमिनीवर मांडी घालून बसावयाचे, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवावयाचे आणि तारा षड्ज-पंचमात जुळवावयाच्या. आता डाव्या हातास वाद्याचा भार राहिला नाही. तो तारेवर मोकळा फिरू लागला. पाहुणा घरी आला, घरच्यांसारखा खाली बसला आणि घरचाच झाला.

सरफोजीराजांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. मुत्तुस्वामी दीक्षितांचे हे शिष्य. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम आपण पाहतो, तो ह्या चौघांनी बसविला. वडिवेलु व्हायोलिन वाजवीत. पुढे ते त्रावणकोरास गेले आणि १८३४ साली महाराज स्वाती तिरुनाळ ह्यांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. देणेघेणे उलट दिशेनेही झाले. महाराष्ट्रातील कीर्तनकार तंजावरास गेले आणि त्यांच्या कीर्तनातून तमिळ हरिकथेला नवे वळण लागले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली घरगुती वृत्ते त्या हरिकथेत जाऊन बसली.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि कंपनीने तंजावरचे उरलेसुरले राजपद नष्ट केले. मग प्रश्न असा पडतो, की राजाश्रय संपल्यावर ह्या संगीताचे पोशिंदे कोण झाले? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आता शहर सोडून उत्तरेस निघावे.

तिरुवय्यारु ह्या नावातच पाच नद्या आहेत. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी. एकामागून एक पूल ओलांडताना दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि नारळीची झाडे दिसतात. जेथे जमीन उदार, तेथे माणसाला गाण्यासाठी उसंत मिळते, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

गावात कावेरीच्या काठावर त्यागराजस्वामींची समाधी आहे. तिरुवारूरच्या ज्या दैवतावर शाहजीराजांनी काव्य रचले, त्याच दैवताचे नाव धारण करणारा हा संत १७६७ साली तिरुवारूरास जन्मला आणि तिरुवय्यारुस आयुष्यभर राहिला. तमिळ मुलखात राहून त्याने रामाची भक्ती तेलुगूत गायिली. सुमारे सातशे रचना आज उपलब्ध आहेत. सरफोजीराजांनी दरबारी बोलाविले असता, धनापेक्षा रामाची सेवाच मला सुखाची, असे म्हणून त्यांनी ते आमंत्रण नाकारले, अशी परंपरागत कथा आहे. गल्लीगल्लीतून भजन गात फिरावे आणि ओंजळीत पडेल त्या धान्यावर घर चालवावे, अशी त्यांची उंछवृत्ती होती. आपल्याकडील माधुकरीची आठवण येथे सहजच येते. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला. राजाचा आश्रय ज्याने घेतलाच नाही, त्याचे गाणे राजा गेल्यावर बंद पडण्याचे कारण नव्हते. वालाजापेट, तिल्लैस्थानम, उमयाळपुरम अशा गावांच्या शिष्यांनी त्याच्या रचना कंठात आणि ताडपत्रांवर जपल्या.

गाणे जिवंत राहिले, समाधीकडे मात्र दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिष्यपरंपरेतील मंडळींनी तिची दुरुस्ती केली आणि वार्षिक आराधना सुरू केली. परंतु लवकरच त्यांच्यात दोन तट पडले आणि दोन वेगळे उत्सव होऊ लागले. भांडणाचे विषय अनेक होते. एका बाबतीत मात्र दोन्ही तटांचे एकमत होते. समाधीपुढे स्त्रियांनी गावयाचे नाही! त्या काळी जाहीरपणे गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया देवदासी समाजातील. ज्या गावातून नर्तिका मागवून राजराजाने त्यांची नावे दगडावर कोरली, त्याच गावात नऊशे वर्षांनी त्यांच्या वारसदारांना दारात उभे करण्यात आले.

ते दार ज्या स्त्रीने उघडले, तिचे नाव बंगळूर नागरत्नम्मा. म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे १८७८ साली देवदासी घराण्यात तिचा जन्म झाला. संस्कृत, कन्नड, तेलुगू, तमिळ ह्या भाषा तिला अवगत होत्या, आणि मद्रासेत गायिका म्हणून तिने मान व धन दोन्ही मिळविले. मुद्दुपळनीचे काव्य वाचताना त्यातून कवयित्रीच गाळल्याचे तिच्या ध्यानात आले. तिने जुनी प्रत मिळविली आणि १९१० साली संपूर्ण ‘राधिकासांत्वनमु’ प्रसिद्ध केले. पुस्तकावर अश्लीलतेचा आळ आला आणि सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. ती बंदी उठावयास १९४७ साल उजाडावे लागले.

त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था तिचे गुरू बिडारम कृष्णप्पा ह्यांच्या पत्रावरून तिला कळली. तिने तेथील जागा मिळविली, १९२१ साली बांधकामास हात घातला आणि स्वतःच्या कमाईतून समाधिमंदिर उभे केले. १९२५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. परंतु जिच्या पैशाने मंदिर झाले, तिलाच उत्सवात गाण्याची परवानगी नव्हती. ह्यावर तिने काय करावे? ती रुसून मद्रासेस परतली नाही. १९२७ साली तिने स्त्रियांची स्वतंत्र मंडळी उभी केली आणि त्यांच्या गायनाची आराधना सुरू केली. आता उत्सव दोनांचे तीन झाले! अखेर १९४०च्या सुमारास सारे तट एकत्र आले आणि त्यानंतर स्त्रिया व पुरुष एकाच उत्सवात गाऊ लागले.

नागरत्नम्मांचे जीवन सरळ रेषेचे नव्हते. देवदासीप्रथा बंद करण्याच्या चळवळीस त्यांनी विरोध केला होता. त्या प्रथेबरोबर स्त्रियांची कला आणि त्यांचा मालमत्तेचा हक्कही बुडेल, अशी त्यांना भीती होती. १९४७ साली मद्रास प्रांतात प्रथाबंदीचा कायदा झाला. मुलींना देवास वाहण्याची चाल गेली, हे इष्टच झाले, ह्यात शंका नाही. परंतु त्या स्त्रियांनी जतन केलेली कला मात्र त्यांचे नाव न घेता समाजाने आपलीशी केली, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९५२ साली नागरत्नम्मा निवर्तल्या. त्यागराजांच्या समाधीसमोरच त्यांचे स्मारक आहे, आणि त्यात त्यांची हात जोडून बसलेली मूर्ती आहे.

पौष वद्य पंचमीस, म्हणजे बहुधा जानेवारीत, येथे आराधना असते. त्या दिवशी सकाळी लहानथोर गायक-वादक जमिनीवर समोरासमोर रांगा करून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री ह्या पाच रागांतील त्यागराजांची पंचरत्ने एका सुरात गातात. नामवंत आणि नवशिके, स्त्रिया आणि पुरुष, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी सारे त्यात असतात. त्या गर्दीत व्हायोलिनेही पुष्कळ असतात. त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

वाचकहो, शक्य झाल्यास मुलाबाळांसह त्या सुमारास येथे यावे. उत्सवात गर्दी असते, म्हणून मुक्काम तंजावरास करावा आणि पहाटेच निघावे. गर्दी नको असेल, तर इतर कोणत्याही दिवशी संध्याकाळी यावे. तेव्हा समाधीजवळ शांतता असते. मुलांनी विचारले, की हे गाणे कोणाचे? तर उत्तर देण्याची घाई करू नये. तमिळांचे म्हणावे, तर शब्द तेलुगू आहेत. तेलुगूंचे म्हणावे, तर ते वाढले मराठी राजांच्या मुलखात. राजांचे म्हणावे, तर रचणाऱ्याने राजाला नकार दिला, असे लोक सांगतात. त्यापेक्षा मुलांना हाताशी धरून समाधीसमोरच्या त्या हात जोडून बसलेल्या मूर्तीपाशी न्यावे आणि नागरत्नम्मांची गोष्ट सांगावी. ज्याने सांभाळले, त्याचे ते गाणे, हे मुलांचे मुलांनाच उमजेल.